खड्डा पडण्याआधी रस्ता तपासतात

खड्डा दिसला की आपण नगरसेवकाला फोन लावतो. पण तोवर रस्ता आतून गेलेला असतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहर रस्त्यांना शाळेसारखे 100 पैकी गुण देतं. भेगा, खचलेली जागा, जुनी ठिगळं, सगळं मोजतात. गंमत म्हणजे पैसा आधी बऱ्या रस्त्यांवर लावतात. भेग वेळीच बुजवली तर पाणी खालच्या खडीत शिरत नाही. शिरलं की पाया सुटतो, रस्ता उकरून नव्यानं बांधावा लागतो आणि खर्च कितीतरी पट वाढतो.

आम्हाला इथं एक गोष्ट खटकते. निव्वळ याच हिशेबानं चाललं, तर ज्या मोहल्ल्याचा रस्ता आधीच गेला त्याचा नंबर शेवटी. मात्र तिथं प्रत्येक रस्त्याचे गुण लोकांसाठी खुले असतात; गल्लीतला माणूस ते दाखवून जाब विचारू शकतो. आपण फक्त खड्ड्याचा फोटो पाठवतो.