डोंगरकुशीतले गाव आणि त्याचे पाणी

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, जिथे जिल्ह्याची हद्द रायगड आणि सातारा जिल्ह्यांना भिडते, तिथे भोर आणि वेल्हे हे दोन तालुके दिसतील. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे. पण जुन्या नकाशांत आणि लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव असल्यामुळे आपणही इथे तेच वापरू. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहेत. ती सारी या दोन तालुक्यांतली. आज मात्र आपल्याला गडावर जायचे नाही. गडाच्या पायथ्याशी जे गाव असते, तिथे जायचे आहे.

असे गाव दुरून पाहिले तर कसे दिसते? अगदी खाली ओढा किंवा नदी. तिच्या काठाने पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे. त्यांच्या वर थोडीशी सपाटी पाहून वसलेली घरे, आणि अर्ध्या-एक मैलावर अशीच एखादी वाडी. घरांच्या वर उतारावरची वरकस जमीन, तिच्या वर रान आणि सर्वांत वर काळाकभिन्न कडा. भोरपासून वरंध घाटाकडे जा, नाहीतर नसरापूरहून मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जा, हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसेल.

या चित्रात एक कोडे दडलेले आहे. ते आधी पाहू.

एका हेक्टरचा हिशेब

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर गेल्यावर हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून वारे पूर्वेला उतरू लागले की पाऊस झपाट्याने कमी होतो. वेल्हे परिसरात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच पुणे जिल्ह्यातल्या बारामतीला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे २,५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एका हेक्टरवर, म्हणजे १०,००० चौरस मीटरवर, वर्षाला अडीच कोटी लिटर पाणी पडते. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. ५०० वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने रोज २७,५०० लिटर पाणी लागेल. भागाकार करून पाहा. एका हेक्टरवरचा एका वर्षाचा पाऊस या गावाला जवळजवळ अडीच वर्षे पुरेल! आणि गावाची जमीन तर शेकडो हेक्टर असते.

असे असूनही चैत्र-वैशाखात इथल्या कित्येक वाड्यांवर पाण्यासाठी डोंगर उतरून जावे लागते. काही ठिकाणी टँकर येतो. आषाढात ज्या अंगणात चिखल वाळत नाही, त्याच अंगणात वैशाखात हंडा रिकामा असतो. असे का व्हावे?

खोरे हा शब्द

उत्तराचा पहिला धागा एका जुन्या शब्दात आहे. शिवकाळात या प्रदेशाला मावळ म्हणत आणि त्याचे भाग नद्यांवरून ओळखले जात. कानंदी नदीचे ते कानद खोरे, गुंजवणीचे ते गुंजण मावळ, वेळवंडीचे ते वेळवंड खोरे, मोसेचे ते मोसे खोरे. कारभाराची वाटणीसुद्धा पाण्याच्या वाटेने केलेली!

खोरे म्हणजे काय? ज्या जमिनीवर पडलेले पाणी उताराने वाहत शेवटी एकाच नदीला मिळते, ती सारी जमीन म्हणजे त्या नदीचे खोरे. त्याच्या कडेने डोंगराची धार असते. ही धार म्हणजे पाण्याचा दुभाजक. वरंध घाटाच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांचे उदाहरण घ्या. एक पश्चिमेला घरंगळला, तर महाडजवळ सावित्रीला मिळून लवकरच अरबी समुद्रात जाईल. दुसरा पूर्वेला वळला, तर नीरा नदीत उतरेल, नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळेल, पुढे कृष्णेतून जाऊन शेकडो किलोमीटर दूरच्या बंगालच्या उपसागरात पोचेल.

म्हणजे गावाचे पाणी कुठून येते हे पाहायचे असेल, तर घरे मोजून भागणार नाही. धारेपासून ओढ्यापर्यंतचा सारा उतार पाहावा लागेल. वर काय घडते त्यावर खाली पाणी किती दिवस टिकेल हे ठरते.

डोंगराच्या पोटात

आता त्या उताराच्या पोटात डोकावू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थंड होत गेला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे बेसाल्टचे थर एकमेकांवर बसले. तोरण्याचे किंवा राजगडाचे कडे लांबून पाहिले की हे आडवे थर स्पष्ट दिसतात.

हे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि काळे, काही मऊ आणि मुरमाड. घट्ट थर उभ्या भेगांनी तडकलेले असतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातकट दगडाची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याचा वरचा भाग झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती दबली, भाजली गेली, अशी ही पट्टी.

पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते. वाटेत न तडकलेला घट्ट थर किंवा चिकण मातीची पट्टी आडवी आली की त्याला खाली जाता येत नाही. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. हाच झरा. डोंगरात झरे साधारण एकाच उंचीवर ओळीने का सापडतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. पूर्वीच्या वाड्या बहुधा अशा पाण्याच्या आधारानेच वसल्या.

अडचण एवढीच, की हा खडक म्हणजे काही स्पंज नव्हे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या होत्या खऱ्या. पण कोट्यवधी वर्षांत त्यांपैकी बहुतेक पोकळ्या झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट अशा खनिजांनी भरून गेल्या. पाणी राहते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमात, म्हणजे थोड्याच जागेत. वर मातीही पातळ. त्यामुळे चार महिन्यांत पडलेले बहुतेक पाणी उताराने धावत सुटते. पाऊस थांबल्यावर झरे कार्तिकापर्यंत खळाळतात, माघात मंदावतात आणि चैत्रात थेंबावर येतात.

उतारावरची शेती

गावाने या उताराशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतले आहे. खालच्या भागात बांध घालून भातखाचरे केली आहेत. भाताला उभे पाणी चालते, कारण त्याच्या खोडातून आणि मुळांतून हवेच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात. पानांकडून मुळांना ऑक्सिजन मिळतो. तण मात्र त्या पाण्यात गुदमरते. लावणीपूर्वी चिखलणी करतात ती यासाठीच, की मातीची छिद्रे बुजावीत आणि पाणी खाचरात टिकावे. वरच्या खाचरातले पाणी बांधावरून खालच्यात, त्यातून आणखी खाली, असे पायरीपायरीने उतरते. प्रत्येक खाचर हे पावसाचा वेग मोडणारे एक छोटे धरणच असते. पूर्वी इथे सुवासिक आंबेमोहोर घरोघर होता. आता इंद्रायणी भात अधिक दिसतो. आंबेमोहोराच्या संकरातून तयार झालेला हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा.

वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि मग काही वर्षे जमीन पडीक ठेवायची, ही जुनी रीत. भाताचे रोप तयार करण्यासाठी उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून राब भाजतात. उष्णतेने तणांचे बी मरते आणि राखेतून पोटॅश मिळते, हा त्याचा फायदा. पण दरवर्षी फांद्या छाटल्या की उतारावरची झाडे खुरटतात. उतार उघडा पडला की पावसाचे टपोरे थेंब सरळ मातीवर आदळतात, माती वाहून जाते आणि पाण्याला मुरायला जागाच उरत नाही. म्हणून शेतीच्या चारसूत्री पद्धतीत भाताचा तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत वापरतात आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात. रानाला हात लावावा लागत नाही.

जावा बेटावरचा उतार

लाव्ह्याच्या डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती करणारा आणखी एक प्रदेश जगप्रसिद्ध आहे. तो म्हणजे इंडोनेशियातले जावा बेट. तिथे खेड्याला ‘देसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘देश’ वरूनच गेलेला! भाताच्या देवीचे नावही देवी श्री. घरांभोवती नारळ, केळी, फणस, बांबू यांची दाट परसबाग आणि पलीकडे पाण्याने भरलेली खाचरे, असे हे खेडे आपल्याला परके वाटणार नाही.

फरक आहे तो वयाचा. जावातले ज्वालामुखी जिवंत आहेत. मेरापी पर्वताचा मोठा उद्रेक २०१० साली झाला. त्यांनी उडवलेल्या राखेचे आणि खडीचे जाड थर ताजे, सच्छिद्र असतात. पाऊस त्यांत खोल मुरतो आणि पायथ्याशी मोठमोठ्या झऱ्यांनी बाहेर येतो. नवी राख जमिनीला खनिजेही पुरवते. विषुववृत्ताजवळ असल्याने पाऊस अधिक महिने पडतो. म्हणून तिथे पुष्कळ ठिकाणी वर्षाला भाताची दोन, क्वचित तीन पिके निघतात. महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी क्षेत्रफळाच्या जावा बेटावर सुमारे १५ कोटी माणसे राहतात. उलट, २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांच्या आतच होती.

जावाचा डोंगर तरुण, म्हणून पाणी धरून ठेवतो. सह्याद्री म्हातारा आहे. त्याचा खडक पाणी फारसे धरत नाही. त्यामुळे इथे पाणी धरण्याचे काम करावे लागते ते खडकावरच्या पातळ मातीला, गवताला आणि झाडांना.

धरण उशाला

तुम्ही म्हणाल, ‘या भागात तर एवढी धरणे आहेत!’ खरेच आहेत. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२७-२८ च्या सुमारास पूर्ण झाले. त्यात सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. हे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती, इंदापूरकडे आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसकडे जाते. तिकडच्या उसाचा गोडवा इकडच्या पावसाचा आहे. नीरेवर नीरा-देवघर, वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव. पानशेतचे मातीचे धरण बांधकाम अपुरे असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात महापूर आला. नंतर ते पुन्हा बांधण्यात आले. पुणे शहराच्या नळाला आज यांचेच पाणी येते.

धरण नेहमी खोऱ्याच्या तळाशी असते, आणि तळाशीच उत्तम भातजमीन असते. ती पाण्याखाली गेली. काही कुटुंबे पूर्वेकडच्या तालुक्यांत वसवली गेली, काही वरच्या उतारावर सरकली. आता वाडी वर आणि पाणी खाली. आपल्या ५०० वस्तीच्या गावाचे रोजचे २७,५०० लिटर पाणी १५० मीटर उंच चढवायचे, तर नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ११ युनिट वीज लागते. पंपात आणि नळात जे वाया जाते ते धरले तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे दररोज, आणि बिल गावाने भरायचे. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे लोक म्हणतात ते उगाच नाही.

उलट, झरा वाडीच्या वर असेल तर पाणी फुकट उतरते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण वीजबिल पाठवत नाही!

देवराईचा धडा

झरा टिकवायचा कसा, याचा एक नमुना गावातच असतो, तो म्हणजे देवराई. जननी, काळकाई, वाघजाई अशा देवतेच्या नावाने राखलेला रानाचा तुकडा. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, असा गावाचा दंडक. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा अनेक देवरायांचा अभ्यास केला आणि त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले.

देवराईत शिरा आणि जमिनीवर हात ठेवा. पालापाचोळ्याचा जाड, ओलसर थर हाताला लागेल. पानांनी थेंबाचा मार झेलला, पाचोळ्याने पाण्याचा वेग मोडला, मुळांनी आणि गांडुळांनी मातीत वाटा केल्या. म्हणून पाणी धावायच्या ऐवजी मुरते. अशा रायांत पुष्कळदा एखादा पाणवठाही असतो. तेव्हा झऱ्याच्या वरचा उतार राखणे, तिथला वणवा रोखणे, चराई आवरणे, माती टिकेल अशा ठिकाणी समपातळीत चर खणणे आणि झऱ्याच्या तोंडाशी छोटी झाकलेली टाकी बांधणे, ही कामे गावाला स्वतःला करता येतात. त्याने सारे प्रश्न सुटणार नाहीत. पण चैत्रात आटणारा झरा वैशाखाच्या अखेरीपर्यंत चालला, तरी वर्षातले सर्वांत अवघड दोन महिने कमी होतात.

करून पाहा

१. तुमच्या गावाचा किंवा शाळेजवळचा एक ओढा निवडा. नकाशावर त्याच्याभोवतीच्या उंच धारा जोडून त्याचे खोरे आखा.

२. सारख्या आकाराच्या दोन पत्र्याच्या तबकांत माती भरा. एकीवर वाळलेला पाला पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही तिरप्या ठेवून झारीने सारखे पाणी घाला. खाली जमणारे पाणी मोजा आणि त्याचा रंग पाहा.

३. जवळच्या झऱ्याखाली एक लिटरचे माप धरा आणि ते भरायला किती सेकंद लागतात ते दर महिन्याच्या एकाच तारखेला वहीत लिहा. झरा कोणत्या महिन्यात थांबला तेही लिहा. पुढच्या वर्षी हीच वही पुन्हा उघडा.