सार्वजनिक वाहतुकीतील समावेशकता : दिव्यांग व स्मृतिभ्रंशग्रस्त प्रवासी

प्रस्तावना :
सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी आहे असे म्हणताना धडधाकट आणि सर्व काही लक्षात ठेवू शकणारा प्रवासीच बहुधा गृहीत धरला जातो. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले आणि कलम ४१ अन्वये वाहतुकीच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकली. या २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शिया) स्वतंत्र नाव नाही. तथापि, अनुसूचीतील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती व दिशाभान यांतील गंभीर विकार अंतर्भूत आहेत. म्हणजे आधार कायद्यात आहे. तो बसस्थानकापर्यंत पोहोचलेला नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यतः राज्य परिवहनाच्या एस.टी. सेवेच्या संदर्भात तपासला आहे.

पायरी आणि उतार :
शहरी बससाठीच्या केंद्रीय मानकांत तळाची उंची ४००, ६५० व ९०० मि.मी. अशी तीन प्रकारची आहे. चाकाच्या खुर्चीतील प्रवाशास यांपैकी पहिलीच खऱ्या अर्थाने उपयोगी. परंतु अशी बसही थांब्यापासून दूर, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, तर तिची उताराची फळी निरुपयोगी ठरते. प्रवास ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली की उरलेल्यांवर केलेला खर्च वाया जातो.

स्मृतिभ्रंश : न दिसणारा अडथळा
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. आजाराच्या आरंभीच्या अवस्थेत यांपैकी अनेकजण एकट्याने प्रवास करू शकतात. त्यांची अडचण पायरीची नसून निर्णयाची असते : कोणता फलाट, कोणती गाडी, कोठे उतरायचे? ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा इतरांना त्रासदायक, तर त्यांना दिशाहीन करणारी ठरते. काळसर फरशीचा पट्टा काहींना खड्ड्यासारखा भासतो आणि ते जागीच थबकतात. मागून होणारी घाई गोंधळ वाढविते. व्याधी दिसत नसल्याने सहप्रवाशांना तो हट्ट वाटतो.

सवलत आणि सुगम्यता :
ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी. प्रवास विनामूल्य झाला. निर्णय स्वागतार्हच, मात्र सवलत म्हणजे सुगम्यता नव्हे. भाडे माफ झालेला वृद्ध चुकीच्या गावी उतरला तर त्या माफीचा उपयोग काय? येथे वाहकाचे महत्त्व लक्षात येते. ‘आजोबा, तुमचे गाव आले’ असे सांगणारा वाहक ही आपल्याकडील सर्वांत जुनी साहाय्यक व्यवस्था होय, जरी कोणत्याही नियमावलीत तिचा असा उल्लेख होत नसला तरी. विनावाहक गाड्यांनी वेळ व वेतनखर्च वाचतो. या आधाराची किंमत त्या हिशेबात धरली जात नाही.

पुढील दिशा :
८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ शिफारसवजा सुगम्यता मानके पुरेशी नाहीत असे स्पष्ट करून किमान बंधनकारक नियम वेगळे काढण्याचे निर्देश केंद्रास दिले. अशा नियमांत उतार व स्पर्शपट्ट्यांबरोबरच प्रत्येक मार्गासाठी शक्यतो ठरलेला फलाट, ठळक अक्षरांतील गावाची पाटी आणि प्रत्येक थांब्याची उद्घोषणा यांना स्थान हवे. इंग्लंडमधील गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलाच्या चिन्हाची गळपट्टी सुरू झाली. एस.टी.ला एवढेही नको. प्रवाशाचे उतरण्याचे ठिकाण व घरचा दूरध्वनी लिहिलेले कार्ड, ते पाहून मदत करण्याचे वाहक-चालकांना दिलेले एक दिवसाचे प्रशिक्षण आणि विनावाहक गाडीत चढण्यापूर्वी चौकशी खिडकीवर त्या कार्डाची नोंद, एवढ्यावर प्रारंभ करता येईल.