मुक्या सोबत्याचे ऋण

खारदांड्याच्या किनाऱ्यावर पहाटे माणसांची चाहूल लागली की होड्यांच्या आडोशाला निजलेली कुत्री अंग झाडून उठतात. त्यांच्या गळ्यात पट्टा नसतो, ती कोणा एकाची नसतात. तरी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या पावलांमागे ती शेपटी हलवीत जातात. तेथून थोड्याच अंतरावर खारच्या उंच इमारती सुरू होतात, आणि तेथे याच प्राण्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद होतात. कोणाला त्यांची उपासमार पाहवत नाही, तर कोणाला आपल्या लहानग्याला चावा बसेल याची धास्ती वाटते. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

मनुष्य आणि श्वान यांचे नाते शेतीहूनही जुने आहे. गाय, बैल आणि घोडा माणसाच्या दाराशी येण्यापूर्वी, किमान पंधरा हजार वर्षांमागे, लांडग्याच्या कुळातील हा प्राणी त्याच्या शेकोटीजवळ विसावला. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कोवळ्या वयाचे कुत्रे होते. त्याच्या दातांच्या अभ्यासातून असे दिसले, की ते पिल्लू गंभीर आजारातून काही आठवडे जगले होते आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून ते जगणे शक्य नव्हते. त्या अवस्थेत ते ना शिकारीच्या कामाचे होते, ना राखणीच्या. तरीही कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली. काश्मीरमधील बुर्झाहोम येथेही नवाश्मयुगीन माणसांच्या दफनांत कुत्र्यांचे अवशेष आढळले आहेत.

या दीर्घ सहवासाने प्राणीही बदलला. लांडग्याच्या मानाने कुत्र्याला पिष्टमय अन्न पुष्कळ चांगले पचते, हे २०१३ साली त्याच्या जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. आपल्या ताटातील भाकरीचा तुकडा त्याच्या शरीरातच रुजला आहे. जो आपल्या अन्नावर असा घडला, त्याला ‘उपरा’ कसे म्हणावे?

जैन कथासाहित्याने या मुक्या जिवालाही आत्मोन्नतीचा अधिकारी मानले. जीवंधरकुमाराची कथा अनेक घरांत सांगितली जाते. यज्ञाचे अन्न विटाळले म्हणून मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याच्या कानी जीवंधराने णमोकार मंत्र घातला. तो जीव देवगतीला जाऊन सुदर्शन यक्ष झाला आणि पुढे संकटकाळी आपल्या उपकारकर्त्याच्या साहाय्यास धावला.

मुंबईच्या इतिहासात तर या प्राण्यासाठी सारे शहर थांबले होते. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. ६ जून १८३२ रोजी कोट भागात हे काम चालू असता पारशी समाज खवळून उठला. त्यांच्या अंत्यविधीत श्वानदर्शनाला, म्हणजे ‘सगदीद’ला, पवित्र स्थान आहे. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले. शेवटी लष्कर बोलवावे लागले. त्या वेळी खारदांडा माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टी बेटावर होता. दोन्ही तीर जोडणारा माहीमचा बांध १८४५ मध्ये तयार झाला.

या घटनेचा खरा बोध मात्र पुढच्या पानावर आहे. हत्येला विरोध करणारे केवळ विरोध करून थांबले नाहीत. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद घराण्यातील जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभे राहिले. ‘मारू नका’ म्हणणाऱ्यांनी ‘आम्ही सांभाळू’ असेही म्हटले आणि त्याचा खर्च स्वतः उचलला.

आज याच दुसऱ्या वाक्याची उणीव भासते. गेटपाशी बिस्किटे टाकली की आपली जीवदया पूर्ण होत नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनी कुत्री मारण्याऐवजी निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि त्याच भागात परत सोडणे हा मार्ग घालून दिला. २०२३ च्या नियमांनुसार अन्न देण्याची जागाही ठरवायची असते. ती मुलांच्या खेळण्यापासून आणि जाण्यायेण्याच्या दारांपासून दूर असावी लागते. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

येथे श्रावकाच्या मनात एक शंका उभी राहते. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध जसा येतो, तसा छविच्छेदही येतो. मग शस्त्रक्रिया कशी चालेल? ही शंका झटकून टाकण्याजोगी नाही. परंतु तत्त्वार्थसूत्र हिंसेचे मूळ प्रमादात पाहते. पावसाळ्यात गटारात वाहून जाणारी, चाकांखाली चिरडणारी पिल्ले वर्षानुवर्षे पाहत राहणे आणि हात जोडून पुढे जाणे, हाही प्रमादच नव्हे काय? वेदना टाळण्याच्या भावाने, भूल देऊन, कुशल हातांनी केलेला उपचार आणि क्रोधाने केलेला छेद एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

यंदा पर्युषणात जीवदयेसाठी दान काढताना प्रत्येक सोसायटीने आपल्या गल्लीतील कुत्री मोजावीत, कोणाला लस मिळाली आणि कोणाला नाही याची वही ठेवावी, आणि राहिलेल्यांचा खर्च वाटून घ्यावा. खारदांड्याच्या किनाऱ्यावर उद्या पहाटेही ती कुत्री अंग झाडून उठतील. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हाती भाकरीबरोबर ही वहीही असावी.