आम्ही कोणाला हसतो? नगरच्या तात्यांची आठवण

त्या काळी आमच्या वस्तीत टी. व्ही. एकाच घरात होता. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. रविवारी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडे. १९८८-८९ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका चालू होती. पंडित नेहरूंच्या ग्रंथावरची ती हिंदी मालिका आम्हा पोरांना जरा जडच जाई. पण एका रविवारी पडद्यावर महात्मा जोतिराव फुले आले आणि मागून कोणीतरी ओरडले, “अरे, हे तर आपले तात्या!”

तात्या म्हणजे सदाशिव अमरापूरकर. जन्म १९५० चा, नगरचा. घराणे शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरचे. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या तोंडी ते नगरचे तात्याच राहिले आहेत. १९८३ च्या ‘अर्धसत्य’ मध्ये त्यांनी रामा शेट्टी नावाचा गुंड उभा केला आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. त्या रामा शेट्टीला आम्ही घाबरलो होतो. तोच माणूस जोतिबा झालेला पाहून घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पडद्याला हात जोडले. ज्या नगरात मिस फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्याच नगरच्या नटाने जोतिबा साकारावा, याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला!

आम्ही काही समीक्षक नाही. दिवसभराच्या कामाने अंग दुखत असताना रात्री घटकाभर हसावे म्हणून टी. व्ही. लावणारी आम्ही माणसे. पण इतकी वर्षे पाहून पाहून आमचे एक मत झाले आहे. विनोद चांगला की वाईट, हे तो कोणावर केला आहे यावरून ठरते.

तात्यांचेच उदाहरण घ्या. १९९५ चा ‘कुली नंबर वन’ आठवा. त्यात तात्या लग्ने जुळवणारा शादीराम झाले आहेत. कादर खान हा पैशाचा माज असलेला मुलीचा बाप. शादीराम साधेसुधे स्थळ घेऊन येतो म्हणून तो त्याचा पाणउतारा करतो. मग शादीराम एक हमाल उचलतो, त्याला सुटाबुटात घालतो आणि लक्षाधीशाचा मुलगा म्हणून त्या श्रीमंताच्या दारात उभा करतो. कपडे बदलले की हमालाला पाटावर बसवणारा तो बाप पाहून आमची वस्ती हसून लोळली. आमच्यातलेही काही जण ओझी वाहत होते. आम्ही हमालाला हसत नव्हतो, पैशाला मुजरा करणाऱ्याला हसत होतो.

ही वाट जुनी आहे. खुद्द जोतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अडाणी शेतकरी नवरा-बायकोला जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, ते त्यात दाखवले आहे. त्या नाटकात एक विदूषक आहे. तो मध्ये मध्ये बोलतो आणि जोशाचे कपट उघडे पाडतो. भोळ्या शेतकऱ्याची थट्टा करणे सोपे होते, पण जोतिबांनी विनोदाचे तोंड लुबाडणाऱ्याकडे फिरवले. पुढे सत्यशोधक जलसे आले, आंबेडकरी जलसे आले. तेथेही सोंगाड्याने सावकाराची आणि ढोंगी धर्ममार्तंडाचीच फजिती केली. आपल्या आजोबा-पणजोबांनी दिवसभर राबून रात्री ते जलसे पाहिले. हसता हसता ते शहाणे झाले.

आता मनाला टोचणारी गोष्ट सांगतो. १९९१ साली ‘सडक’ आला. त्यात तात्यांनी महाराणी नावाची कुंटणखाना चालवणारी हिजडा केली. फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तो पहिला तात्यांनाच मिळाला. काम जबरदस्त होते, यात वाद नाही. पण चित्रपट पाहून आलेली आमची पोरे बाजारात पैसे मागणाऱ्या हिजड्यांच्या मागे “महाराणी! महाराणी!” असे ओरडत धावू लागली. आम्हीही त्यांत होतो, आणि पोट धरून हसत होतो.

ते आईच्या कानावर गेले. तिने आम्हाला समोर बसवले आणि म्हणाली, “साळंत तुला जातीवरनं चिडवलं तव्हा तू रडत घरी आला व्हता ना? मंग तिनं रडत कुनाच्या घरी जायचं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. तात्यांवरचे आमचे प्रेम त्या दिवसाने कमी झाले नाही, पण तेव्हापासून महाराणी पाहताना पहिल्यासारखी मजा आली नाही. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख दिली, तीही बाबासाहेबांच्या संविधानातील समतेच्या कलमांच्या आधारे. आईला कलमे ठाऊक नव्हती. मूळ गोष्ट मात्र तिने आधीच ओळखली होती.

आज घरोघरी रंगीत टी. व्ही. आहे, हातात मोबाइल आहे. विनोदी कार्यक्रमांना तोटा नाही. त्यांतले पुष्कळ कलावंत चाळीतून, खेड्यातून वर आलेले आहेत. त्यांचे आम्हाला कौतुक आहे. पण कितीदा तरी काळ्या रंगावर, लठ्ठ बाईवर, मोलकरणीच्या बोलण्यावर, गावंढळ पाहुण्यावर हशा पिकवला जातो. पुरुषाला लुगडे नेसवले की झाला विनोद! त्या मोलकरणीच्या जागी आपल्या घरातली कोणी असते, आणि तरीही आपण हसतो. आपलीच पोर आरशासमोर उभी राहून रंग उजळायची क्रीम मागते, तेव्हा तिला हे कोणी शिकवले, असे आपणच विचारतो.

म्हणून टी. व्ही. फोडून टाका, असे आम्ही सांगत नाही. हसणे हे कष्टकऱ्याचे औषध आहे. फक्त मुलांबरोबर बसून पाहावे आणि हशा ओसरला की एकच प्रश्न विचारावा: “आत्ता आपण कोणाला हसलो?” उत्तर मुलेच देतात, आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा नीट देतात.

तात्यांची शेवटची आठवण सांगून थांबतो. मार्च २०१३ मध्ये महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. नगर जिल्ह्यात गावोगावी टँकरची वाट पाहिली जात होती. तेव्हा मुंबईत होळीच्या नावाखाली पाण्याची उधळपट्टी चाललेली पाहून तात्यांनी हटकले, आणि त्या वयात लोकांची धक्काबुक्की सोसली. पडद्यावरचा खलनायक प्रत्यक्षात असा होता. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी ते गेले.

आमच्या घरी अजून ‘कुली नंबर वन’ लागला की सगळे जमतात. ‘सडक’ लागला की आई आमच्याकडे पाहते. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात कोणत्या विनोदावरून असा वाद झाला, ते आम्हाला अवश्य लिहून कळवा.