रिकाम्या फेरीचे श्रम

यंत्रामुळे श्रम वाचतात असे आपण सर्रास म्हणतो. परंतु विहिरीच्या काठी हे विधान टिकत नाही, कारण पाणी जितके मीटर उचलावयाचे तितके कार्य झाल्यावाचून ते वर येत नाही, आणि घर्षणाचा कर वर निराळा द्यावा लागतो. मग तरफ, चाक आणि उतरण या साध्या यंत्रांनी कुणब्यास दिले तरी काय? त्यांनी दिली ती श्रमांची फेरवाटणी. म्हणजे पोहरा रिकामा खाली जातो त्या फेरीतही थोडे काम करवून घेऊन भरल्या फेरीचा भार हलका करण्याची युक्ती.

हे पाहावयाचे तर ओकतीपाशी पाहावे. कोकणात आणि गोव्यात तिला लाट म्हणतात. नाईलच्या काठी हीच शादूफ या नावाने तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थडग्यांतील भित्तिचित्रांत दिसते. दुबेळक्या खांबावर आडवा वासा, त्याच्या लांब टोकास पोहरा आणि आखूड टोकास बांधलेला धोंडा, एवढाच तिचा संसार. समजा, पोहरा दोरीसकट तीन किलोचा असून त्यात बारा किलो पाणी मावते आणि वाशाचा विहिरीकडील भाग दुसऱ्याच्या तिप्पट लांब आहे. आखूड टोकास सत्तावीस किलोचा धोंडा बांधला, तर वाशाचे स्वतःचे वजन सोडून देता, तो लांब टोकावरील नऊ किलोंस तोलून धरतो. रिकामा पोहरा खाली नेताना माणसास सहा किलोंचा जोर लावावा लागतो, आणि भरलेला पंधरा किलोंचा पोहरा वर घेतानाही सहाच. सहा आणि सहा मिळून बारा होतात, म्हणजे केवळ पाण्याचे वजन. पोहऱ्याचे ओझे हिशेबातून पार गळाले! शिवाय खाली ओढताना माणसास स्वतःच्या अंगाचा भार टाकता येतो, हा लाभ आकड्यांत मांडता येत नसला तरी दिवसभर पाणी उपसणाऱ्याची पाठ तो जाणते. तमिळ प्रांतातील एत्तमवर तर माणसेच वाशावरून पुढेमागे चालत धोंड्याचे काम करीत.

ओकती उथळ विहिरीपुरती. देशावरील खोल विहिरींस मोटच लागे, आणि येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: वरचे चाक ओझे तिळमात्र कमी करीत नाही, ते फक्त ओढीची दिशा फिरवते. मोटेचे खरे यंत्र म्हणजे धाव, अर्थात बैलांची उतरती वाट. बैल उताराने खाली जातात तेव्हा मोट भरून वर येते, आणि उलट्या पावली चढावर मागे सरतात तेव्हा रिकामी मोट विहिरीत उतरते. दोन बैलांचे वजन सातशे किलो आणि उतार सहास एक धरला, तर केवळ उतारामुळे सुमारे एकशे पंधरा किलोंची ओढ नाड्यास, म्हणजे मोटेच्या जाड दोरास, मिळते, आणि मोटकरी नाड्यावर बसला तर त्याचाही भार तीत मिळतो. ही ओढ फुकटची नव्हे. मागे सरताना चढावर उचललेल्या स्वतःच्या देहाचीच ती परतफेड.

मोटेची सोंड हा तर माझ्या मते ग्रामीण कारागिरीचा कळस आहे. मोटेचे तोंड नाड्यास आणि सोंड सोलास, म्हणजे दुसऱ्या बारीक दोरास, बांधलेली असते. मोट वर येईपर्यंत सोलाची लांबी अशी राखलेली असते की सोंड वर दुमडलेली राहून पाणी सांडत नाही, आणि काठाशी येताच नाडा तोंडास वरच्या चाकाकडे नेतो, सोल खालच्या रुळावरून सोंडेस पुढे खेचतो, नि सारे पाणी आपसूक थारोळ्यात कोसळते. मोट रिती करण्यास वेगळा माणूस लागत नाही.

रहाटगाडग्याने रिकाम्या फेरीचा प्रश्न आणखी निराळ्या रीतीने सोडविला. कोकणातल्या अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रेडा गोल फिरे, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकास फिरवीत, आणि माळेतील उतरते रिकामे लोटे चढत्या लोट्यांचे वजन तोलून धरीत. तेथे रिकामी फेरी अशी उरतच नाही. दात्यांचे घर्षण आणि सांडलेले पाणी हा त्याचा तोटा.

या उपसण्याचा हिशेब सरकारासही ठाऊक होता. जुन्या दप्तरांत विहिरीखालील बागाइताची नोंद मोटस्थळ अशी आणि पाटाच्या पाण्याखालील जमिनीची पाटस्थळ अशी वेगळी आढळते, आणि हा भेद साऱ्याच्या आकारणीत महत्त्वाचा होता. ज्या पाण्यासाठी बैल झिजतात त्याचे मोल निराळे, हे अंमलदारांस सांगावे लागत नव्हते.

साताऱ्याजवळ लिंब येथे शके 1641 ते 1646 या काळात विरुबाई भोसले यांनी बांधविलेली बारा मोटांची विहीर आजही उभी आहे. तेथे जाणाऱ्यांनी शिल्पांवरून नजर काढून थोडा वेळ मोटा जेथे चालत त्या जागाही निरखाव्यात.