गुण वाढले, पण जागा गेली

2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला. गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करायला राज्य मंडळाने 28 मेपर्यंत मुदत दिली. अकरावीची ऑनलाइन नोंदणी मात्र 26 मेपासूनच सुरू झाली. गणितात आपल्याला गुण कमी मिळालेत अशी ज्या मुलीची खात्री होती, तिच्यासमोर छायाप्रत येण्याआधीच प्रवेशाचा अर्ज उभा राहिला आणि तो तिला त्याच कमी गुणांवर भरायचा होता.

फेरतपासणीचा मार्ग कागदावर सरळ आहे. गुणपडताळणीत सगळ्या उत्तरांना गुण दिलेत का, बेरीज बरोबर आहे का, आतले गुण पहिल्या पानावर नीट उतरलेत का, एवढंच पाहतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. अलीकडच्या वर्षांत पडताळणीला विषयामागे 50 रुपये, छायाप्रतीला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला 300 रुपये शुल्क आहे. तीन विषयांची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे 2100 रुपये. हातावर पोट असलेल्या घरात एवढे पैसे काढताना दोनदा विचार होतो, आणि त्या विचारातही दिवस जातात.

खरी अडचण त्या पाच दिवसांत होते. उत्तरपत्रिका जाणत्या शिक्षकाला दाखवल्याशिवाय ‘हे दोन गुण मिळायला हवे होते’ असं ठामपणे सांगता येत नाही. पण मे महिन्यात शाळा बंद, सर गावाला गेलेले. शहरातल्या मुलाला क्लासचे सर भेटतात. तालुक्याच्या गावातल्या मुलाने कुणाकडे जायचं?

पुढचा पेच अकरावीच्या प्रवेशाच्या नियमात आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. गुण कमी दिसत असल्यामुळे मुलगी आवाक्यातलंच कॉलेज पहिलं टाकते. ते मिळतं, ती प्रवेश घेते. नंतर चार गुण वाढून येतात. पण ते वाढेपर्यंत तिला हव्या असलेल्या कॉलेजची यादी लागून गेलेली असते.

बारावीला तर एकेका गुणावर पात्रता ठरते. राज्यात इंजिनिअरिंगला जायचं तर भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात, म्हणजे 300 पैकी 135. ज्याला 134 मिळाले, त्याची सीईटी कितीही चांगली गेली असली तरी तो पात्र ठरत नाही. त्याच्यासाठी पुनर्मूल्यांकनाचा निकाल केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीच्या आधी येतो की नंतर, यावर अख्खं वर्ष अवलंबून असतं.

उत्तरपत्रिका पाहण्याचा हा हक्कही सहज मिळालेला नाही. उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि पुनर्मूल्यांकनाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने मान्य केला होता. परितोष शेठ खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि हे दोन्ही नाकारणारा मंडळाचा नियम कायम ठेवला. पुढे 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि माहिती अधिकाराखाली ती पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे. उत्तरपत्रिका पाहता येऊ लागली, पण प्रवेशाची वेळ निघून गेल्यावर ती पाहून मुलाच्या हाती काय लागतं?

इंग्लंडमध्ये यावर एक साधी तोड आहे. ए-लेव्हलच्या निकालानंतर ज्याचा विद्यापीठातला प्रवेश अडला आहे, त्याची फेरतपासणी प्राधान्याने करतात. आपल्याकडे हे अशक्य आहे असं मला मुळीच वाटत नाही. फेरतपासणीचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज, दोन्ही आता ऑनलाइनच भरले जातात. कुणाचा अर्ज प्रलंबित आहे हे प्रवेशाच्या यंत्रणेला कळायला हवं, गुण वाढले की ते तिथे आपोआप बदलायला हवेत, आणि वाढीव गुणांवर जो आधीच्या फेरीत बसला असता त्याच्यासाठी त्या कॉलेजात जादा जागा निघायला हवी. चूक तपासणाऱ्याची असेल, तर तिची किंमत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने का मोजावी? शिक्षण विभागाने पुढच्या वर्षीचं वेळापत्रक जाहीर करण्यापूर्वी मंडळ आणि प्रवेश समिती यांना एकत्र बसवावं.

तोवर पालकांनी एवढं करावं. शंका असेल तर छायाप्रतीचा अर्ज शेवटच्या तारखेची वाट न पाहता पहिल्याच दिवशी भरा. विषयशिक्षकांचा फोन नंबर निकालाआधीच घेऊन ठेवा. अर्जाची पावती जपून ठेवा, आणि गुण बदलल्याचं पत्र आलं की त्याच दिवशी कॉलेजात आणि प्रवेशाच्या पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा.