शरणपूरची आफ्रिकन मुलं

कॅनडा कॉर्नर, महापालिकेचं राजीव गांधी भवन, दुकानांच्या रांगा आणि दिवसभराची वर्दळ. शरणपूर रोड म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे एवढंच येतं. ज्या वस्तीवरून हे नाव पडलं, ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली शहराबाहेर वसवली होती. पुढे १८६० च्या दशकात इथल्या 'आफ्रिकन असायलम'मध्ये गुलामगिरीतून सुटलेली मुलं सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकत होती.

आफ्रिकेतली मुलं गोदाकाठी आली ती समुद्रमार्गे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली वसाहतींमधली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, पण कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला. इथल्या कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानू नये, हे ठरायला १८४३ साल उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही झांझिबारचा बाजार भरतच होता. तिथून अरबस्तानाकडे माणसं भरून निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार अडवायचं आणि सुटलेल्यांना अनेकदा मुंबईत उतरवायचं. त्यांतली काही मुलं मिशनच्या स्वाधीन होऊन शरणपूरला पोचली.

चेंग्विम्बे नावाचा याओ जमातीचा मुलगा इथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. नाव, धर्म, धंदा सगळंच दुसऱ्यांनी ठरवलेलं. बेड्या तुटल्या हे खरं आणि मोलाचंही, पण या मुलांना कुणी काही विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

१८६५ साली आफ्रिकेचे संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आले. पुढच्या वर्षीच्या आफ्रिकेतल्या मोहिमेत त्यांनी इथली नऊ मुलं बरोबर नेली. त्यांतल्या एब्राहमला वाटेत, बघ्यांच्या गर्दीत, आपला मामा दिसला. ओळख पटली आणि मग कळलं, की त्याच्या मागोमाग आई आणि दोन्ही बहिणीही विकल्या गेल्या होत्या. मामाने राहा म्हणून गळ घातली, गावच्या प्रमुखाने सांगून पाहिलं, लिव्हिंगस्टननीही समजावलं. एब्राहम राहायला तयार होईना. आई-बहिणींवाचून ते गाव त्याला आपलं वाटेना. तो पुढे निघाला. गुलामगिरीने माणसाचं काय केलं, हे मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा या नकारात जास्त दिसतं.

१८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा चितांबोच्या गावातल्या झाडावर त्यांचं नाव कोरणारा आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट शरणपूरचाच. सहकाऱ्यांनी देह कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणला. पुढच्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब होता. इतिहासाने लिव्हिंगस्टनचं नाव लक्षात ठेवलं. जेकबचं नाव नाशिकच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असायला हवं.

त्याच १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले. सुलतान बर्गश बधेना. अखेर नाकेबंदीची धमकी दिल्यावर ५ जूनला त्याने करारावर सही केली आणि बाजार बंद झाला. सुटलेल्यांसाठी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवायचं ठरलं. शरणपूरचे जुने प्रमुख विल्यम प्राइस त्या कामावर गेले, इथल्या आफ्रिकन मंडळींनाही तिकडे बोलावण्यात आलं आणि असायलम संपलं.

भांडण मात्र संपलं नव्हतं. व्यापार थांबला, तरी किनाऱ्यावर गुलाम बाळगण्याची मुभा होतीच. नाशिकला शिकलेले विल्यम जोन्स मोंबासाजवळच्या रबाई इथल्या मिशनचं काम पाहत होते. मळ्यांतून पळालेले गुलाम त्यांच्याकडे येत राहिले आणि ते त्यांना थारा देत राहिले. १८८८ साली मालक चिडून परत मागायला लागले, तेव्हा मिशनचे वरिष्ठ पेचात पडले. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने तडजोड केली आणि १ जानेवारी १८८९ रोजी हजारावर माणसांना मुक्तीचे दाखले मिळाले. त्यासाठी कंपनीने भरपाई मोजली, ती मालकांना.